जनावरांच्या वनौषधीचं प्रमाणपत्र: ते काय देतं आणि काय देत नाही

गावोगावच्या दूध डेअरीच्या व्हॉट्सॲप गटांवर हल्ली एक जाहिरात फिरत असते. घरबसल्या शिका, परीक्षा द्या, 'पशु-वनौषधी तज्ज्ञ' असं प्रमाणपत्र मिळवा. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत शेण-धारा करून बारावी किंवा पदवी झालेली, गुरांची चांगली जाण असलेली अनेक मुलंमुली आहेत. त्यांना हा रस्ता जवळचा वाटणं साहजिक आहे. जनावरांचा डॉक्टर वेळेवर मिळत नाही, औषधं महाग झालीत आणि झाडपाल्याचं ज्ञान तर घरातच आहे. मग प्रमाणपत्र घेऊन गावातल्या गुरांवर उपचार का करू नयेत?

फक्त त्या प्रमाणपत्राच्या जोरावर असे उपचार करता येत नाहीत. पण म्हणून शिकणं वाया जातं असंही नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते पायरीपायरीनं पाहू.

तीन कागद, तीन कामं

गाडीचं उदाहरण घ्या. ड्रायव्हिंग क्लास पूर्ण केला की क्लासवाला एक कागद देतो. तुम्ही शिकलात, एवढंच तो सांगतो. रस्त्यावर गाडी काढायला आरटीओचं लायसन लागतं. आणि लायसन असलं तरी फलटण-दहिवडी वडाप, म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी, चालवायची तर परमिट वेगळं काढावं लागतं. क्लासचा कागद दाखवून वडाप भरता येत नाही, हे कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

जनावरांच्या औषधोपचारात हीच तीन पातळ्यांची रचना आहे. अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र म्हणजे क्लासचा कागद. पशुवैद्यक परिषदेतली नोंदणी म्हणजे लायसन. औषध तयार करून विकण्याचा परवाना म्हणजे परमिट. जाहिरातींमधला घोळ सगळा इथंच आहे: पहिला कागद विकताना दुसऱ्या आणि तिसऱ्याचा भास निर्माण केला जातो.

कायदा नेमकं काय म्हणतो

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ सालचा आहे. त्याचं कलम ३० सांगतं की नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणालाही पशुवैद्यकीचा व्यवसाय करता येणार नाही. जनावराच्या आरोग्याचा दाखला सही करून देण्याचा अधिकारही फक्त त्याचाच. नोंदणीसाठी बीव्हीएससी अँड एएच ही पशुवैद्यकाची पदवी लागते. इंटर्नशिप धरून हा साडेपाच वर्षांचा अभ्यास आहे. सातारा जिल्ह्यात तो शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात होतो, आणि हे महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं आहे. राज्यातली नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद करते.

याच कलमात एक छोटी खिडकी आहे. पशुधन पर्यवेक्षकासारखी पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकार आदेश काढून 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देण्याची मुभा देऊ शकतं. त्यात लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि सरकारनं अधिसूचनेत घातलेले प्राथमिक उपचार येतात. ही कामंसुद्धा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सूचनेनुसारच करायची असतात. वनौषधीचा आठवड्याचा कोर्स या खिडकीत आपोआप बसत नाही.

कायदा औषध कशापासून बनलंय हे विचारत नाही, हेही ध्यानात घ्या. 'मी ॲलोपॅथी देत नाही, फक्त पाला देतो' म्हटल्यानं सुटका होत नाही. रोगाचं निदान करून, पैसे घेऊन, दुसऱ्याच्या जनावरावर उपचार केले की तो व्यवसायच झाला. स्वतःच्या गोठ्यातल्या म्हशीला पोटफुगीवर आलं-लसूण घालणं याला मात्र कुणी व्यवसाय म्हणत नाही.

मग झाडपाल्याला मान्यता आहे की नाही?

आहे, आणि ती वाढते आहे. गुराखी, धनगर आणि घरातल्या बायका यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या जनावरांच्या औषधज्ञानाला 'लोकपशुवैद्यक' म्हणतात. ग्रंथांत लिहिलेला पशु-आयुर्वेद त्याहून वेगळा, पण दोन्हींची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत. आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गेली काही वर्षं कासदाह, लाळ्या खुरकूत, पोटफुगी, लम्पी अशा आजारांसाठी ठरावीक मापाच्या वनौषधी कृती दूध संघांमार्फत पोचवत आहे. २०२१ मध्ये केंद्राचा पशुसंवर्धन विभाग आणि आयुष मंत्रालय यांच्यात पशुवैद्यकात आयुर्वेद आणण्याबाबत करार झाला. २०२४ मध्ये केंद्रानं जनावरांवरच्या उपचारांची प्रमाणित मार्गदर्शिका काढली. तिच्यातही लोकपशुवैद्यकाला जागा आहे.

यामागचं मोठं कारण प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक. सड सुजलं की ट्यूब आणि ताप आला की इंजेक्शन, ही सवय जडली. औषधाचा अंश दुधात उतरतो आणि वारंवार वापरानं जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. माणसांसाठी शेवटचा आधार मानलं जाणारं कोलिस्टिन २०१९ मध्ये केंद्राला अन्नोत्पादक जनावरांत बंद करावं लागलं, ते याच भीतीनं. त्यामुळे सौम्य आजार झाडपाल्यानं आवरत असेल तर ते पशुवैद्यकांनाही हवंच आहे. वाद फक्त ते कुणी, कधी आणि किती मापानं द्यायचं, याचा आहे.

एक कृती उघडून पाहू: कासदाह

प्रमाणपत्राच्या कोर्समध्ये नेमकं काय शिकायला हवं, ते या एका उदाहरणातून कळतं. कासदाह म्हणजे कासेची सूज. दुधात गाठी येतात, कास गरम लागते, पुढं ती दगडासारखी कडक होते. दुग्धविकास मंडळ सांगतं ती कृती अशी: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. तिन्ही एकत्र वाटले की लालसर लगदा होतो.

तो लाल रंग नीट पाहा. हळदीला चुना लागला की ती लाल होते. आपल्याकडं पारंपरिक कुंकू याच गुणावर बनत आलंय. लगदा पिवळाच राहिला तर एक तर चुना कमी पडलाय, नाही तर हळदीतच गडबड आहे.

लावायची पद्धत: आधी त्या सडातलं दूध पूर्ण काढून टाका. कास कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करा. मूठभर लगद्यात १५० ते २०० मिली पाणी घालून पातळ करा आणि सगळ्या कासेला लावा. दिवसातून सुमारे १० वेळा, असं ५ दिवस. दर वेळी आधीचा थर धुऊन टाकायचा. लगदा रोज ताजा वाटायचा. सोबत २ लिंबं कापून दिवसातून दोनदा, ३ दिवस खाऊ घालायची.

ऐकायला सोपं आहे, पण बिघडतं ते पुढच्या ठिकाणी. पहिली चूक चुन्याची. पानाला लागणारा विरलेला चुना घ्यायचा असतो. कुणी कळीचा चुना तसाच टाकतं, किंवा १५ ग्रॅमऐवजी अंदाजानं मूठभर, आणि सडाची नाजूक कातडी भाजून निघते. मग गाय धारेला उभी राहत नाही आणि दोष झाडपाल्यावर येतो. दुसरी चूक वारंवारतेची. दहाऐवजी दोनदा लावून 'गुण नाही' म्हणणारे फार. तिसरी चूक सगळ्यात वाईट: आतलं दूध न काढता वरून लेप. आत जंतू वाढत राहतात, बाहेर हळद दिसते. चौथी, त्या सडाचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये मिसळणं. औषध वनस्पतीचं असलं तरी दूध आजारीच आहे. ते टाकूनच द्यायचं, वासरालाही पाजायचं नाही.

आणि हळद. सांगली हळदीची पेठ, 'सांगली हळद' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सौदे लागतात तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, मगच बोली लावतो. औषध करणाऱ्यानं तेवढी तरी पारख करावी. खुल्या पुडीतल्या भुकटीत कृत्रिम पिवळा रंग, कधी शिशाचा क्षारही सापडतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून हलवू नका, बसू द्या. शुद्ध हळद तळाशी बसताना पाणी फिकट पिवळं होतं. पाणी गडद पिवळं झालं तर भेसळीचा संशय धरा. सरळ मार्ग म्हणजे हळकुंडं आणून दळणं. ५ दिवसांना पाव किलो पुरते.

ही कृती केव्हा करायची नाही, हे शिकवल्याशिवाय ती शिकवणं अर्धवट आहे. गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ते १०४ वर गेलं, वैरण सुटली, रवंथ थांबला, सडातून दुधाऐवजी पाणी किंवा रक्त आलं, कास निळसर-थंड पडली, गाय बसून राहिली, तर लगदा बाजूला ठेवून पशुवैद्यकालाच बोलवायचं. विष रक्तात उतरत असताना लेपानं काही होत नाही, आणि एका रात्रीचा उशीर सड घालवतो, कधी गायही घालवतो.

'झाडपाल्यानं अपाय तर होत नाही ना?'

हा समज इतका खोल रुजलाय की त्याला जरा सविस्तर उत्तर द्यावं लागतं. कण्हेर, धोतरा, गुंज, बिब्बा, कुचला ही सगळी झाडंच आहेत. औषधांच्या कायद्यातल्या नियमांत आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे आणि हे पाचही तिच्यात आहेत. सीताफळाच्या बिया उवा-गोचिडांवर चालतात, पण त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

गाय-म्हशीचं मोठं पोट शंभर लिटरपेक्षा मोठं असतं. त्यात चारा पचवतात ते सूक्ष्मजीव. हे पोट म्हणजे कायम विरजलेलं दह्याचं मडकं समजा. जास्त उग्र, जास्त जंतुनाशक पदार्थ एकदम ओतला की विरजण मोडतं आणि जनावर औषधानंच चारा सोडतं. म्हणूनच माप हवं. ४०० किलोच्या गाईचं माप ३५ किलोच्या शेळीला दिलं तर ते औषध राहत नाही.

कांदा-लसूण हे तर ठळक उदाहरण. गाईच्या पोटफुगीच्या कृतींत ते सर्रास असतात. कुत्र्या-मांजरांत मात्र ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मांजरात फारच लवकर. गोठ्यातली कृती सांगलीतल्या फ्लॅटमधल्या मांजरावर चालवणाऱ्यानं कोर्समध्ये काय शिकलं, असा प्रश्न पडतो.

आणखी एक धोका औषधाचा नसून पाजण्याचा आहे. जनावराची मान खूप वर ताणून, जीभ धरून, नाळीनं (पाजायच्या नळकांड्यानं) भराभर ओतलं की औषध श्वासनळीत जातं. ठसका लागला, नाकातून औषध आलं, की लगेच थांबून मान खाली सोडावी. दोन-तीन दिवसांनी होणारा न्यूमोनिया त्या ओतण्याचाच असतो, आणि तो बहुतेकदा जीव घेतो. म्हणून चाटण गुळात घोळून जिभेवर थोडं थोडं ठेवणं केव्हाही बरं. लम्पीत सांगितलेलं १० विड्याची पानं, १० ग्रॅम मिरी, १० ग्रॅम मीठ आणि गूळ यांचं चाटण असंच द्यायचं असतं.

लम्पी आणि लाळ्या खुरकूत यांच्याबाबत आणखी एक. हे विषाणूचे आजार आहेत. चाटण आणि लेप यांनी तोंडातल्या-पायांतल्या जखमा भरायला, जनावर खातं ठेवायला मदत होते. ते लसीची जागा घेत नाहीत. शिवाय २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार असे रोग दिसले की कळवणं मालकावर बंधनकारक आहे. गुपचूप झाडपाला करत राहणारा माणूस शेजारच्या दहा गोठ्यांत रोग पोचवतो.

'आमच्या आज्याकडं कुठं कागद होता?'

नव्हता, आणि त्याचं ज्ञान खोटंही नव्हतं. माडग्याळ मेंढ्यांचे कळप घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगराला कोणत्या वेलीनं मेंढी फुगते आणि कोणत्या पाल्यानं उतरते, हे पुस्तकापेक्षा बारकाईनं माहीत असतं. पण आजोबा एकाच वाड्यातली जनावरं जन्मापासून ओळखत होते. त्यांच्या काळी दिवसाला २० लिटर देणारी संकरित गाय नव्हती, कासेवर एवढा ताण नव्हता, दूध थंड करून पुण्या-मुंबईला जात नव्हतं. आणि त्यांच्या हातून जी जनावरं गेली, त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. झाडपाल्याच्या यशाच्या गोष्टी तेवढ्या उरल्या.

हे ज्ञान जपायचं तर त्याला जागा आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकजैवविविधता नोंदवही तयार करते. जाणत्यांनी आपल्या वनस्पती आणि उपयोग तिथं नोंदवावेत. त्यानं ते ज्ञान गावाचं म्हणून नोंदलं जातं. उपचाराचा परवाना मात्र मिळत नाही. माणसांवर उपचार करणाऱ्या पारंपरिक वैदूंसाठी भारतीय गुणवत्ता परिषदेची ऐच्छिक प्रमाणन योजना आहे, तीसुद्धा कौशल्य तपासते, डॉक्टरकी बहाल करत नाही.

बाटलीत भरून विकायचं असेल तर

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यातली आयुर्वेदिक औषधाची व्याख्या माणसं आणि जनावरं दोन्हींना लागू आहे. तेव्हा विक्रीसाठी जनावरांचं आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतोच, आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटक हवेत. बाजारातल्या बाटलीवर हे नसेल तर ती घेऊ नका. 'हमखास गुण' अशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात सापडू शकते. त्यातली औषधाची व्याख्याही जनावरांपर्यंत जाते.

परदेशी प्रमाणपत्रं

अमेरिका, ऑस्ट्रेलियात पशु-वनौषधीचे पदव्युत्तर धाटणीचे अभ्यासक्रम आहेत. फ्लोरिडातली ची युनिव्हर्सिटी चिनी वनौषधीचं प्रमाणपत्र देते. पण प्रवेश मिळतो तो पशुवैद्यकांना आणि पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना. म्हणजे तिथंही हा कागद लायसनवर चढवलेला मजला आहे, पाया नव्हे. इथल्या नोंदणीकृत पशुवैद्यकाला वनौषधीत खोल जायचं असेल तर मात्र असं शिक्षण मोलाचं आहे.

फी भरण्याआधी

शिकवणारे नोंदणीकृत पशुवैद्यक आहेत का, त्यांचा नोंदणी क्रमांक मागा. कोर्सला राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची मान्यता असल्याचा दावा असेल तर पात्रतेचा कोड आणि स्तर विचारा. कोड सांगता येत नसेल तर मान्यता नाही असं समजा. रानात जाऊन वनस्पती ओळखण्याची प्रात्यक्षिक परीक्षा आहे का, तेही विचारा. फोटोवरून टणटणी आणि निर्गुडी ओळखणं वेगळं आणि बांधावर, फुलं नसताना ओळखणं वेगळं. टणटणी पोटात गेली तर जनावराचं यकृत बिघडतं.

शेवटी अभ्यासक्रमात 'थांबायचं कधी' असा भाग आहे का, ते पाहा. व्यायल्यावर बसून राहिलेली गाय हा बहुधा कॅल्शियम कमी पडल्याचा झटका असतो, तिला शिरेतून कॅल्शियमचं सलाइन लागतं. व्यायल्यावर अडकलेली वार (जार) हातानं ओढायची नसते. गाभडलेला गर्भ उघड्या हातानं उचलायचा नसतो, कारण त्यातून ब्रुसेलोसिस हा रोग माणसाला होतो. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जनावराला पाला चालत नाही. अचानक मेलेल्या आणि नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराची कातडी काढायची नाही, तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो. हे न शिकवता नुसत्या कृती देणारा कोर्स घेऊ नये, मग तो फुकट असला तरी.

चांगला कोर्स केलेली पशुसखी किंवा पशुमित्र, म्हणजे पशुपालकांना मदत करणारी गावातलीच माणसं, गावात खरं काम करू शकतात: तापमान मोजणं, धारेची स्वच्छता शिकवणं, पशुपालकाला त्याच्याच हातानं लगदा वाटून घ्यायला लावणं, आणि १९६२ वर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलावणं. जवळ एक साधी वही ठेवावी. कानातला बिल्ला क्रमांक, तारीख, तापमान, कोणती कृती, किती वेळा, तिसऱ्या दिवशी काय दिसलं, डॉक्टर केव्हा आले. पशुवैद्यक आले की त्यांना ती वही उघडून दाखवायची. कोणतं औषध आधीच पोटात गेलंय हे कळल्यावरच त्यांना पुढचं इंजेक्शन ठरवता येतं.